पहिला लाभार्थी

गावात कुठलीही नवी वस्तू आली की तिच्यावर पहिल्यांदा कोण बसणार, हा प्रश्न अंबूबाईंच्या घराला कधी पडला नाही. दूध संस्थेत फिरती खुर्ची आली तेव्हा हंबीरराव तिच्यावर बसले आणि चार माणसांदेखत गोल फिरून आले. सोसायटीचा ट्रॅक्टर आला तेव्हा चालवता येत नसतानाही तेच बसले. स्मशानात नवी शेड झाली त्या दिवशी तिथं बसण्याजोगं काही नव्हतं म्हणून बरं, असं अंबूबाई शेजारणींना सांगायच्या आणि पुढचं वाक्य पदराआड गिळायच्या.

हंबीरराव माने हे अंबूबाईंचे यजमान. तीन टर्म दूध संस्थेचे चेअरमन, तरुणपणी पैलवान आणि आता नुसतेच भारदस्त. बँकेत, तलाठ्याकडं, शाळेत, काम घरातल्या कुणाचंही असो, बोलायचं त्यांनी. मास्तरांनी ऋतुराजला नाव विचारलं तरी उत्तर बाप द्यायचा. तो ऋतुराज पुढं चाकणला कारखान्यात लागला आणि दोन-तीन महिन्यांनी एखादी रात्र येऊन जाण्यापलीकडं गावाकडं फिरकेना, याचं अंबूबाईंना काडीचं नवल वाटत नव्हतं. बायकोला मात्र तो इथंच ठेवून गेला होता.

शिरोळच्या पुढं, नदीकाठच्या या गावात, आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत सरकारनं यंदा एक नवीन कक्ष काढला. एसी, कॅमेरा, भिंतभर पडदा आणि पडद्यासमोर एक काळी गुबगुबीत खुर्ची. सरकारी आरोग्य विमा आधी दवाखान्यात आडवं पडल्याशिवाय पैसे देत नसे. आता कोल्हापुरातनं पडद्यावर दिसणाऱ्या डॉक्टरची तपासणीही विम्यात धरली होती. पडद्यावरच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली की कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात पुढचं सगळं फुकट. पण चिठ्ठीशिवाय गेलात तर विमा नाही. म्हणजे कोल्हापूरच्या डॉक्टरला भेटायचं असेल तर आधी कोल्हापूरच्याच डॉक्टरला टीव्हीवर बघून या, असा सगळा शहाणपणा. अंबूबाई हे ऐकून कपाळाला हात लावून हसल्या होत्या.

हसल्या खऱ्या, पण गरज त्यांच्याच दारात उभी होती. सून वर्षाराणी कबनूरची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, म्हणून बोलायची मोठ्यानं आणि हसायचीही मोठ्यानं. या पावसाळ्यापासून तिचा आवाज बसत चालला. गोठ्यातनं दुधाची किटली उचलून आणायची तर परड्यात दोनदा टेकायची. संध्याकाळी पाय सुजायचे, बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. गावातल्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या खाऊन तिची ताकद आणखी कमी झाली.

“तिला टीव्हीफुडं घेऊन जातो मी,” अंबूबाई एका सकाळी म्हणाल्या.

“तू?” हंबीररावांनी टोपी चढवली. “सरकारी काम हाय त्ये. बायकांचं न्हवं. मी येतो.”

तर तिघं गेले. तिथल्या सिस्टरनं वर्षाराणीला आडोशाला नेलं, छातीला वायरी चिकटवून हृदयाचा आलेख काढला, ठोके ऐकायचं यंत्र लावलं आणि दोन्ही गोष्टी कॉम्प्युटरवर चढवल्या. इथवर सगळं नीट झालं. मग ती बाहेर आली आणि पदर सावरून भिंतीपाशी उभी राहिली. खुर्ची रिकामी होती. हंबीरराव तिच्यात जाऊन बसले.

यात काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. सिस्टरला नाही. कक्ष सांभाळणाऱ्या सम्राटला वाटलं असेलही. पण तो कॉम्प्युटरची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसला होता आणि ही नोकरी त्याला हंबीररावांच्या शब्दानं मिळाली होती. त्या माणसाला ‘उठा’ म्हणायला त्याची जीभ रेटणार कुठनं! आणि खरं सांगायचं तर अंबूबाईंनाही वाटलं नाही. सासरा उभा आणि सून खुर्चीत, असं चित्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याही सुनेशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यानं समोरचा चेहरा टिपला, विम्याच्या कार्डावरच्या कुटुंबात शोधला आणि ओळख पटल्याची हिरवी खूण दाखवली.

पडद्यावर एक डॉक्टर उगवला. कानात वायर, नजर भलत्याच बाजूला.

“धाप लागते?” त्यानं विचारलं.

“लागती की,” हंबीरराव म्हणाले.

“चालताना?”

“गोठ्यातनं घरात येस्तवर दोनदा बसाय लागतंय.”

“पायाला सूज?”

“सांजच्याला लई.”

“रात्री झोपल्यावर त्रास?”

“उठून बसाय लागतंय डॉक्टर. उशाला दोन उश्या.”

अंबूबाई बघतच राहिल्या. हे सगळं त्यांनी जेवताना नवऱ्याला सांगितलं होतं आणि तेव्हा तो भाकरी मोडत ‘हं हं’ करत होता. म्हणजे या माणसाला कान होते तर.

डॉक्टरनं आलेख पाहिला, ठोके ऐकले आणि पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. हृदयाच्या झडपेचा दोष वाटतोय, म्हणाला. मीठ बंद, तंबाखू बंद, ओझं उचलायचं नाही, दगदग नाही, मनावर ताण नाही. आणि आठवड्याच्या आत कोल्हापूरला या. पडदा काळा झाला आणि यंत्रातनं चिठ्ठी बाहेर आली. सम्राटनं ती मोठ्या उत्साहानं वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला त्याचं तोंड उतरलं.

“हंबीरराव माने. वय बासष्ट. पुरुष.”

“माझं नाव कशाला घातलंस?” हंबीररावांनी विचारलं.

“मी न्हाय घातलं आण्णा. तुमी बसलासा की खुर्चीत. ज्याचं तोंड, त्याचा आजार.”

“मग बदल की.”

सम्राटनं बरीच बटणं दाबली. मग अवघडून सांगितलं की बदलता येतं, पण ज्याचा चेहरा लागलाय त्यानंच परत खुर्चीत बसून डॉक्टरपुढं सांगायचं: मी रुग्ण नाही, चुकून बसलो. तोवर या कार्डावर याच आजाराची दुसरी तपासणी होणार नाही. एका घरात एकदम दोन नादुरुस्त हृदयं कॉम्प्युटरला लबाडी वाटते.

“म्हंजे मी चुकलो असं कॅमेऱ्याफुडं म्हणायचं?”

“तसंच काय न्हाय, पर… व्हय.”

“आणि त्ये कोण बघणार?”

“जिल्ह्याला जातंय आण्णा सगळं.”

झालं. हंबीरराव उठले, धोतराचा सोगा झटकला आणि ‘बघू मागनं’ म्हणून चालते झाले.

मागनं बघायचं ते राहूनच गेलं, कारण संध्याकाळी तालुक्याहून फोन आला. पडद्यावरच्या तपासणीतनं मंजूर झालेली ही तालुक्यातली पहिली मोठी चिठ्ठी होती. जिल्ह्याचे साहेब स्वतः येणार, पहिल्या लाभार्थ्याचा सत्कार करणार. फेटा, शाल, श्रीफळ, फोटो. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर हंबीरराव हात जोडून उभे, खाली नाव आणि ‘टेलि-आरोग्य विम्याचे पहिले लाभार्थी’. आजारपणाबद्दल फ्लेक्स लागलेला माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिला. साहेबांची तारीख तेवढी ठरेना.

“पोरगी धापा टाकतीया आणि तुमास्नी फेटा पायजे व्हय?” अंबूबाई कडाडल्या.

“कार्यक्रम हुंदे. मग सांगतो की डॉक्टरला. चार दिसानं काय आभाळ कोसळत न्हाय.”

“आणि साहेब म्हैनाभर न्हाय आला तर?”

“तर म्हैनाभर. फुकटचं हाय म्हणून थांबायचं असतंय.”

अंबूबाईंनी त्या माणसाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. चाळीस वर्षं या माणसाच्या धोतराला नीळ घातली, याचं त्यांना त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पिशवीत भाकरी बांधली, पदराला थोडे पैसे बांधले आणि वर्षाराणीला लुगड्याची घडी मोडायला सांगितली. गेला खड्ड्यात त्यांचा विमा. सकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठायचं, सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं, जे होईल ते होईल. वर्षाराणी मुकाट तयार झाली. चप्पल घालताना ती काहीतरी बोलायला वळलीही होती.

तेवढ्यात सोप्यातल्या पलंगावरनं आवाज आला. “जावा, जावा. रांगंत धक्के खावा. परत माझ्याच चिठ्ठीपाशी येशीला.”

अंबूबाई उंबऱ्यात थांबल्या. ते ‘माझ्याच’ त्यांना मिरची लागावी तसं झोंबलं. सुनेच्या छातीचे ठोके, सुनेची सूज, सुनेची धाप, आणि चिठ्ठी यांची! त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“न्हाय जात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच तोंडानं वदवून घेतो, तर नावाची अंबूबाई.”

एसटी पारावर येऊन भोंगा वाजवून निघून गेली. वर्षाराणीनं चप्पल काढून ठेवली.

त्या दिवसापासून अंबूबाईंनी नवऱ्याला आजारी करायला घेतलं. चिठ्ठी चुलीवरच्या फळीला टाचणीनं लावली. दुपारच्या ताटात आमटी आली ती बिनमिठाची.

“मीठ इसरलीस,” हंबीरराव म्हणाले.

“इसरतो कशी? डॉक्टरनं बंद केलंय. फुकटची चिठ्ठी हाय, पाळाय नको?”

भाजीत मीठ नाही, भाकरीत नाही, ताकातसुद्धा नाही. तंबाखूची चंची शेणाच्या खड्ड्यात गेली. रविवारी घरात मटण शिजलं, वास गल्लीभर गेला, आणि हंबीररावांपुढं आली मुगाची पातळ खिचडी. रानात जायचं नाही, दगदग होते. पारावर बसायचं नाही, वाद होतो, मनावर ताण येतो. ते ओरडायला लागले की अंबूबाई छातीवर हात ठेवून घाबऱ्या आवाजात म्हणायच्या, “हळू, हळू, झडप हाय न्हवं!”

आणि त्यांनी गावात बातमी पेरली. पेरायला फार कष्ट पडले नाहीत, फ्लेक्सनं मशागत करूनच ठेवली होती. गावात माणूस आजारी पडला की त्याला बघायला जायचं, हे कोणी कुणाला सांगावं लागत नाही. सकाळ-संध्याकाळ माणसं यायला लागली. केळी आली, शहाळी आली, बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग लागला. बायका पलंगाच्या पायथ्याशी बसून सुस्कारे टाकू लागल्या. जो तो आपल्या ओळखीतला झडपेचा माणूस काढायचा आणि तो कसा बोलता बोलता गेला ते सांगायचा.

सुरुवातीला हंबीररावांना बरं वाटलं. मान मिळत होता, तोही झोपून. खोकताना ते छातीला हात लावायला शिकले. पण अळणी जेवणानं त्यांचा जीव कावला. एका दुपारी अंबूबाई गोठ्यात गेल्या तर म्हशीला चाटायला टांगलेल्या खारट विटेचा कोपरा फोडून दूध संस्थेचे चेअरमन तो जिभेवर धरून उभे होते. म्हैस त्यांच्याकडं अपमान झाल्यासारखी बघत होती.

“तिची तरी राहू द्या,” अंबूबाई म्हणाल्या.

हे घरात येऊन वर्षाराणीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखी मोठ्यानं हसली. हसता हसता तिला ठसका लागला आणि तो थांबेचना. ओठांवर निळसर झाक आली. तिनं भिंतीचा आधार घेतला. अंबूबाईंनी पाठ चोळली, पाणी दिलं, आणि ठसका थांबल्यावर पुढचा डाव काय टाकायचा याचा विचार करू लागल्या. डाव रंगात आला होता. बाईला इतकी मजा लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती.

पुढचा डाव आपल्या पायानं चालत आला. दूध संस्थेचे व्हाईस चेअरमन गोमटेश चौगुले फळांची टोपली घेऊन बघायला आले. शांत माणूस, मऊ बोलणारा, आणि गेली तीन टर्म व्हाईसच राहिलेला.

“काय म्हणत्यात डॉक्टर?” त्यांनी अंबूबाईंना बाजूला विचारलं.

अंबूबाईंनी आवाज खाली आणला. “काय म्हणायचं भाऊ! मनावर भार नको म्हणालेत. मिटिंगा, हिशेब, भांडणं, कायबी नको. एका जाग्याला दहा मिनटं खुर्चीत बसलं तर अटॅक यील म्हणालेत.”

“अरारा,” गोमटेश म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते पसरायला जागा शोधत होतं, कारण बरीचशी जागा दुसऱ्याच कशानं तरी व्यापली होती.

त्याच आठवड्यात संस्थेची बैठक झाली. मा. चेअरमन साहेबांच्या नाजूक प्रकृतीचा विचार करून त्यांना संपूर्ण विश्रांती देण्यात यावी आणि कार्यभार गोमटेश चौगुले यांच्याकडं द्यावा, असा ठराव एकमतानं झाला. साहेबांच्या कार्यक्रमात सत्कारापाठोपाठ त्याच मंचावर नव्या चेअरमनचं नाव जाहीर करायचं ठरलं. संस्थेच्या शिपायानं ही बातमी पेढ्यांसकट घरी आणून दिली. पेढे गोमटेश यांनी पाठवले होते, पथ्याचे म्हणून कमी साखरेचे.

हंबीरराव पलंगावरनं उठले ते तालमीत उतरल्यासारखे. “कोण आजारी? कुणाच्या बाचा आजारी? चल, कुठाय त्यो सम्राट? लाव म्हणावं त्यो टीव्ही!”

अंबूबाईंना जग जिंकल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं वर्षाराणीला उठवलं. “चल गं बाई. आज गंमत बघ तू.” वर्षाराणी चालू लागली, पण देवळाच्या वळणावर टेकली, पुढं शाळेच्या भिंतीला टेकली. हंबीरराव केव्हाच पुढं गेले होते. मागं उरलेली सासू तिच्या दंडाला धरून “चल, चल, सुरू झालं असंल” म्हणत होती.

आज पडद्यावर एक बाई होत्या, डॉक्टर आदिती मगदूम. त्यांच्यासमोर जुना आलेख, जुने ठोके होते आणि खुर्चीत लालबुंद झालेले हंबीरराव.

“मला कायबी झालेलं न्हाय!” ते ओरडले.

“काका, शांत व्हा. पुष्कळ पेशंट असं म्हणतात. तुम्ही अजून दवाखान्यात का आला नाहीत?”

“पेशंट न्हवंच मी! ह्ये बघा!” हंबीरराव खुर्चीतनं उठले, धोतर खोचलं आणि कॅमेऱ्यासमोर बैठका मारायला लागले. एक, दोन, पाच, दहा. दारात जमलेल्या लोकांनी शिट्टी मारली. अंबूबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या.

“अहो, थांबवा त्यांना कोणीतरी!” डॉक्टर उभ्याच राहिल्या. “या आलेखाचा माणूस अशा दोन बैठकाही मारू शकणार नाही!”

बोलता बोलताच त्यांनी आलेख पुन्हा जवळ ओढला. मग हळूच विचारलं, “हा आलेख तुमचा नाही?”

“न्हाय,” हंबीरराव धापा न टाकता म्हणाले. “सुनंचा हाय. मी आपला बसलो हुतो. चुकून.”

बोलला! कॅमेऱ्यापुढं, गावापुढं, जिल्ह्यापुढं बोलला. अंबूबाईंनी डोळे मिटून ते ‘चुकून’ पुन्हा एकदा मनात ऐकलं.

“नाव काय त्यांचं?”

“सूनबाई.”

“नाव.”

हंबीररावांनी मागं वळून बघितलं. “वर्षाराणी,” अंबूबाईंनी पुरवलं.

“वय?”

हंबीरराव पुन्हा मागं वळले. पण डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलणंच सोडून दिलं होतं. “तुम्ही बाहेर जा,” त्या म्हणाल्या. “दारातले सगळे बाहेर. त्यांना बसू द्या.”

वर्षाराणी खुर्चीत बसली. फक्त सासूबाई थांबल्या तर चालतील का, असं डॉक्टरांनी तिलाच विचारलं. तिनं मान हलवली. सिस्टरनं बोटाला चिमटा लावला, त्यावरचा आकडा वाचला, आणि डॉक्टरांनी तो परत वाचायला सांगितला.

“वर्षाराणी, शेवटची पाळी कधी आली होती?”

वर्षाराणीनं सासूकडं पाहिलं नाही. “तिसरा लागलाय,” ती म्हणाली.

अंबूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं पुसलं नव्हतं. ते तसंच थिजलं.

डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. मग एकेक शब्द तोडून म्हणाल्या, “असा आलेख तरुण बाईचा असेल तर आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो. बासष्ट वर्षांच्या पुरुषाला कोण विचारणार? पोटात मूल असताना अशा हृदयावर दीडपट भार येतो. छातीत पाणी भरायला लागलंय. मी अॅम्ब्युलन्स पाठवायला सांगते आहे, आत्ता. सिस्टर, त्यांना चालवू नका.”

“बाळ?” वर्षाराणीनं विचारलं.

“आधी तुम्ही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याचं मला आज काही सांगता येणार नाही. आलेख काढला त्याच दिवशी आला असता तर सांगता आलं असतं.” मग त्यांची नजर मागं उभ्या असलेल्या अंबूबाईंकडं गेली. “इतके दिवस करत काय होता तुम्ही घरात?”

अंबूबाईंनी तोंड उघडलं. या तोंडानं कलेक्टरच्या माणसाला गप्प केलं होतं, सोसायटीच्या वसुलीवाल्याला पळवून लावलं होतं. पण उत्तर खरं होतं आणि ते देता येण्याजोगं नव्हतं. मीठ लपवत होतो, असं कसं सांगणार?

बाहेर हंबीरराव पाच-पंचवीस माणसांना दंड दाबून बघायला देत होते. “बघा, हाय का काय? गोमट्याला म्हणावं, या कुस्ती खेळाय!” माणसं हसत होती. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांनी ती आपल्यासाठी नाही हे ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. मग स्ट्रेचरवर वर्षाराणी दिसली आणि त्यांचा हात दंडावरच राहिला.

“काय झालं गं?” त्यांनी विचारलं.

एरवी या प्रश्नाला अंबूबाईंकडं दहा उत्तरं असती, एकाहून एक तिखट. आज त्या स्ट्रेचरमागोमाग गाडीत चढल्या.

गाडी डांबरीवर लागली. सिस्टरनं वर्षाराणीच्या नाकाला ऑक्सिजन लावला आणि पाठ टेकून बसवलं. दोन्ही बाजूला ऊस मागं पळत होता. अंबूबाई म्हणाल्या, “मला का सांगितलं न्हाईस, पोरी?”

वर्षाराणीनं नळी जराशी बाजूला केली. “सांगणार हुतो, आत्ती. त्या दिशी एसटीला निघालो हुतो न्हवं, तवा. घरात मामांफुडं कसं सांगायचं? वाटंत सांगायचं ठरवलं हुतं.”

ती रागानं म्हणाली नव्हती. तिला रागवायला श्वासच नव्हता. तिनं नळी परत नाकाला लावली आणि डोळे मिटले.

अंबूबाईंना नवऱ्याला शिव्या द्यायच्या होत्या, कॉम्प्युटरला द्यायच्या होत्या, टीव्हीवरच्या पहिल्या डॉक्टरला द्यायच्या होत्या. सगळ्या तयार होत्या, सगळ्या खऱ्या होत्या. पण त्यातली एकही तोंडातनं निघेना. त्या पहाटे पिशवीत भाकरी बांधलेली होती, पदराला पैसे होते, एसटी पारावर येऊन उभी होती. ती गाडी हंबीररावांनी अडवली नव्हती, सरकारनं तर नाहीच. ती त्यांनी स्वतः सोडली होती, आणि ती सोडल्यापासूनचे सगळे दिवस त्या पोट धरून हसल्या होत्या.

वर्षाराणीचा हात गार पडला होता. अंबूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, चोळला, आणि पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, “जरा जोरात घे की रं बाबा.”